सात, बारा आणि भंडारा क्रमांक १० : यादीतील जागेचा इतिहास

१/
धागा : यादी, क्रमांक आणि आपण.

‘सातबारा’ या शब्दात जमीन नाही, पीक नाही, मालकही नाही. त्यात आहेत ते केवळ दोन आकडे. महसूल खात्याच्या गाव नमुन्यांची १ ते २१ अशी एक यादी आहे. तिच्यातील सातवा नमुना अधिकार अभिलेखाचा आणि बारावा पिकांच्या नोंदीचा. हे दोन नमुने एकाच कागदावर येतात, म्हणून तो कागद सातबारा. ज्या उताऱ्यासाठी महाराष्ट्रातला शेतकरी आयुष्यभर कचेरीच्या पायऱ्या चढतो, त्याचे नाव म्हणजे एका यादीतल्या दोन जागा आहेत.

२/
यादीतली जागा म्हणजे काय, ती कोण ठरवतो आणि ती बदलली तर काय बिघडते, हा या धाग्याचा विषय. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना तो ‘लूपमध्ये घटकाबरोबर त्याचा इंडेक्स कसा मिळवावा’ या रूपाने पहिल्याच महिन्यात भेटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो दप्तराच्या प्रत्येक पानावर भेटतो. माझे मत आरंभीच सांगतो : जुनी यादी संगणकावर उतरवताना मूळ क्रमांकाचा रकाना गाळणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. पुढील मजकूर या मताच्या समर्थनार्थ आहे.

३/
आधी तांत्रिक बाजू. लूप म्हणजे यादीतील प्रत्येक घटक एकेक करून हाती घेणे. खळ्यावर धानाची रास मोजणारा माणूस तेच करतो. मात्र तो नुसती मापे ओतत नाही, प्रत्येक मापाबरोबर आकडाही उच्चारतो. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे : लाभ, दोन, तीन, चार… आकडा मोठ्याने म्हणण्यामागे कारण आहे. माप आणि त्याचा आकडा वेगळे पडले की मोजणीवरचा विश्वास उडतो. शेतकरी आणि व्यापारी दोघेही ऐकत असतात. आकडा चुकला तर तो त्याच क्षणी पकडला जातो.

४/
संगणकाला हेच सांगण्याची जुनी पद्धत अशी : लूपच्या बाहेर एक व्हेरिएबल ठेवा, त्याची किंमत शून्य करा, प्रत्येक फेरीच्या शेवटी तीत एक मिळवा. वरवर पाहता हे निर्दोष आहे. अडचण येते ती घटक वगळताना. कोरी ओळ आली, तिला ओलांडून पुढच्या फेरीला जा, असे आपण लिहितो, आणि त्या उडीत ‘एक मिळवा’ ही शेवटची सूचना राहून जाते. तेथून पुढचा प्रत्येक आकडा एकाने मागे पडतो. संगणक तक्रार करत नाही, उत्तरही दिसायला नीटनेटके असते. वाचणारा एक आणि मोजणारा दुसरा असला की दोघांची फारकत होण्याचा धोका कायमच असतो.

५/
पायथन या भाषेने २००३ साली, २.३ या आवृत्तीत, यावर एक उपाय आणला. रेमंड हेटिंगर यांनी मांडलेल्या ‘पेप २७९’ या प्रस्तावातून ‘एन्युमरेट’ हे फंक्शन आले. ते प्रत्येक फेरीला एक जोडी हाती देते : घटकाचे स्थान आणि घटक. मोजण्याचे काम वेगळ्या व्हेरिएबलकडे राहत नाही, त्यामुळे ते विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. रुबीत ‘ईच विथ इंडेक्स’, गो या भाषेत ‘रेंज’, अशा सोयी अन्यत्रही आहेत. वाक्यरचना भाषेगणिक वेगळी असली तरी कल्पना एकच आहे : वस्तू आणि तिची जागा यांना एका मुठीत धरणे.

६/
या फंक्शनचे नाव इतिहासाच्या वाचकाला परके वाटू नये. ‘एन्युमरेशन’ म्हणजे प्रगणना, आणि ‘एन्युमरेटर’ म्हणजे जनगणनेत दारोदार फिरणारा प्रगणक. हिंदुस्थानभर एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ सालची. तिचा नियोजित दिवस १७ फेब्रुवारी. मोहाडी तेव्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होती. त्याआधी १८७२ची गणना झाली होती, पण ती सर्वत्र एका वेळी झाली नव्हती. पायथनचे फंक्शन यादीवर जे करते, ते प्रगणक गावावर करतो. घरांतून एकेक करून जातो आणि प्रत्येक घराला क्रमांक देत जातो.

७/
प्रगणकाच्या कामातला एक नियम फार विचारपूर्वक केलेला आहे. इमारतींना क्रमांक देऊन झाले आणि मग १० व ११ यांच्यामध्ये एखादी नवी इमारत आढळली, तर तिला ११ हा क्रमांक देऊन पुढच्या साऱ्या इमारतींना एकेक घर पुढे ढकलायचे नाही. नव्या इमारतीला १०/१ म्हणायचे. कारण उघड आहे. भिंतींवर आकडे रंगवून झालेले असतात, नकाशात भरलेले असतात, तक्त्यात लिहिलेले असतात. एका नव्या इमारतीसाठी ते सगळे बदलले तर तिन्ही ठिकाणी ते सारखेच बदलतील याची हमी कोण देणार?

८/
आता जिल्ह्यांची यादी पाहू. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या जिल्ह्यांना १ ते ३५ असे क्रमांक होते. नंदुरबार १, धुळे २, जळगाव ३, बुलढाणा ४, अकोला ५, वाशीम ६, अमरावती ७, वर्धा ८, नागपूर ९, भंडारा १०, गोंदिया ११. त्यापुढे गडचिरोली १२, चंद्रपूर १३, यवतमाळ १४, नांदेड १५, हिंगोली १६, परभणी १७. नकाशा समोर घ्या आणि या क्रमाने बोट फिरवा. बोट वायव्य कोपऱ्यातून निघते, पूर्वेला गोंदियापर्यंत जाते, तेथून खाली वळते आणि पश्चिमेकडे परतते. नांगर शेतात जसा फिरतो, तशीच ही यादी राज्यात फिरली आहे.

९/
२०११ मध्ये हाच क्रम कायम राहिला, पण मोजणीचा आरंभ बदलला. यादी राज्यापुरती न राहता साऱ्या देशाची झाली, आणि महाराष्ट्राची पाळी येईपर्यंत ४९६ जिल्हे मोजून झाले होते. म्हणून नंदुरबार ४९७, भंडारा ५०६, गोंदिया ५०७. भंडारा जिल्हा दहा वर्षांत तसूभरही हलला नाही, तरी त्याचा क्रमांक १०वरून ५०६ झाला. पायथनच्या एन्युमरेटलाही ‘मोजणी कोठून सुरू करू’ हे सांगता येते. ती सोय २००८ साली २.६ या आवृत्तीत आली. २००१ची यादी १पासून सुरू केलेली, २०११ची ४९७पासून. लूप तोच.

१०/
यातून पहिला निष्कर्ष निघतो. क्रमांक वस्तूच्या अंगी नसतो. वस्तू आणि यादी यांच्यात जे नाते जुळते त्याचे ते नाव आहे. म्हणून ‘भंडारा क्रमांक १०’ हे विधान कोणती यादी, कोणत्या सालची आणि मोजणी कोठून, एवढे सांगितल्याखेरीज अपुरे राहते. वारकरी परंपरेच्या अभ्यासकांना हे चांगले ठाऊक आहे. तुकोबांच्या अभंगाचा क्रमांक सांगताना गाथेची कोणती प्रत हेही सांगावे लागते, कारण प्रतीगणिक अभंगांची संख्या आणि क्रम बदलतो. नुसता आकडा म्हणजे गावाचे नाव न लिहिता केवळ घर क्रमांक लिहिलेले पाकीट.

११/
दुसरा निष्कर्ष याच्या उलट बाजूचा. क्रमांक वस्तूचा गुण नसला तरी तो मुका नसतो. जिल्ह्यांच्या या यादीत ९, १०, ११ शेजारी आहेत, म्हणून नागपूर, भंडारा, गोंदिया हे जिल्हेही शेजारी आहेत. ही यादी वर्णानुक्रमे लावा. भंडारा लगेच बीडजवळ जाऊन बसतो. नावे सर्व शाबूत, एकही जिल्हा गहाळ नाही, तरीही शेजारधर्माची सारी माहिती पुसली गेली. संगणकावर ‘सॉर्ट’चे बटण दाबायला क्षणही लागत नाही. मूळ क्रमांकाचा रकाना सोबत असेल तर त्या क्षणातून परत येता येते. नसेल तर नाही.

१२/
मराठ्यांच्या काळातील कागदांत हे अधिकच जाणवते. वतनाच्या तंट्यात गोत जमे, निवाडा होई आणि महजर लिहिला जाई. त्यात हजर असलेल्यांची नावे येत. कुणब्याच्या नावापुढे नांगर, न्हाव्याच्या नावापुढे वस्तरा, अशा निशाण्या काढल्या जात. ही नावे कोणत्या क्रमाने येतात याला अर्थ आहे. अधिकारी, वतनदार, बलुतेदार ही उतरंड त्या क्रमातून दिसते. बलुतेदारांतही थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी मानल्या जात. मानपानासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडलेल्या समाजाची यादी वर्णानुक्रमे लावून ठेवली, तर त्या कागदातला समाजच आपण पुसून टाकतो.

१३/
आता शून्याचा प्रश्न. पायथनसह बऱ्याच भाषांत यादीतला पहिला घटक शून्याव्या जागी असतो. नवशिक्यांना हे विक्षिप्त वाटते. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली एक टिपण लिहून शून्यापासून मोजण्याचे समर्थन केले. आपल्याला मात्र ही कल्पना समजायला परदेशी जाण्याची गरज नाही. घरातल्या मुलाला ‘पाचवे लागले’ म्हणजे त्याची चार वर्षे पूर्ण झाली. ‘कितवे’ विचारले तर पाचवे, ‘किती मागे टाकली’ विचारले तर चार. शून्यापासूनचा इंडेक्स दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे : या घटकाच्या आधी किती घटक येऊन गेले? पहिल्याच्या आधी कोणी नाही, म्हणून शून्य.

१४/
शिलालेख वाचणाऱ्यांना हा भेद जुनाच आहे. शक वर्षे दोन रीतींनी मोजलेली आढळतात : गत, म्हणजे संपलेली वर्षे, आणि वर्तमान, म्हणजे चालू वर्ष. बहुतेक लेखांत गत वर्षे असतात, काहींत वर्तमान. लेखात तिथीबरोबर वार दिला असेल तर गणित करून कोणती रीत आहे ते तपासता येते. एकाचा फरक, पण त्याने तिथी-वाराचा मेळच बसत नाही. याउलट ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ रोजी सुरू झालेला राज्याभिषेक शक पहिल्या वर्षाला १ म्हणतो. एक रीत बरोबर आणि दुसरी चूक असे म्हणता येणार नाही. कोणती रीत वापरली हे नोंदवले नाही, तर मात्र ती चूकच ठरते.

१५/
यानंतर सर्वांत अवघड प्रश्न : मध्येच नवा घटक शिरला तर? उदाहरणादाखल आमच्या मोहाडी तालुक्यातील सहा गावे मी वर्णानुक्रमे मांडतो. १ आंधळगाव, २ करडी, ३ कांद्री, ४ जांब, ५ मोहाडी, ६ वरठी. आता त्यात मुंढरी घाला. ती जांबनंतर पाचव्या जागी येते, आणि मोहाडी ६, वरठी ७ होतात. संगणकाच्या यादीत हे आपोआप घडते, म्हणूनच धोक्याचे आहे. काल कोणी ‘५ : तलावाची नोंद पाहावी’ असे टिपण केले असेल, तर आज ते टिपण मोहाडी सोडून मुंढरीकडे बोट दाखवते. टिपणात एक अक्षर बदललेले नाही, तरी ते खोटे झाले.

१६/
जमिनीच्या मोजणीत या प्रश्नाला फार पूर्वी उत्तर सापडले. मुंबई इलाख्यात १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून जी पाहणी सुरू केली, तिच्यात शेताला क्रमांक देऊन त्या क्रमांकावर आकारणी बसवण्याची पद्धत रुळली. पुढे भावांच्या वाटण्या झाल्या. सर्व्हे नंबर ४५चे दोन तुकडे झाले, तेव्हा दुसऱ्या तुकड्याला ४६ म्हटले गेले नाही. ४५/१ आणि ४५/२ असे पोटहिस्से पडले. शेजारच्या ४६ला त्या वाटणीची झळ लागली नाही. आपल्या घरातील भांडणाने शेजाऱ्याचा क्रमांक बदलू नये, ही त्या तिरक्या रेघेमागची समज आहे.

१७/
गाव नमुन्यांच्या यादीतही तेच. शेतकऱ्याला सातबाराइतकाच परिचित असलेला ‘आठ-अ’ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा. आठला ‘अ’ची जोड देऊन तो मधल्या जागेत बसवला आहे, म्हणून पुढचे नमुने आपापल्या जागी राहिले. समजा, या नमुन्याला नऊ क्रमांक देऊन पुढचे सारे सरकवले असते, तर बारावा नमुना तेरावा झाला असता आणि सातबारा हा शब्दच रद्द करावा लागला असता. लोकांच्या जिभेवर बसलेला क्रमांक हलवणे म्हणजे भाषा हलवणे आहे. ‘अ’ लावणाऱ्या कारकुनाने आपल्यावर केवढे उपकार केले आहेत, याची आपल्याला जाणीवही नसते.

१८/
पण क्रमांक कधी कधी मुळापासून बदलावे लागतात. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली विखुरलेल्या जमिनी एकत्र करून त्यांचे गट पाडले गेले आणि जुन्या क्रमांकांच्या जागी गट नंबर आले. येथे सारा भार जुन्या आणि नव्या क्रमांकांच्या जुळवणीपत्रकावर पडतो. पायथनच्या भाषेत सांगायचे तर नवी यादी करताना प्रत्येक घटकाबरोबर त्याचे जुने स्थानही वाहून न्यावे लागते. जुळवणी हरवली तर दोन्ही याद्या आपापल्या परीने अचूक असूनही एकमेकींशी बोलेनाशा होतात.

१९/
भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हा मालगुजारीचा मुलूख. मध्य प्रांताच्या महसुली व्यवस्थेतून आलेले मौजा, खसरा, पटवारी हलका हे शब्द येथे आजही कानावर पडतात. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तलाव शासनाकडे गेले, पण ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव राहिले. १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्रात. १९६६च्या महसूल संहितेने नमुने एकसारखे केले. प्रत्येक टप्प्यावर तीच जमीन नव्या यादीत बसली.

२०/
हा केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय नाही. गावाचे सरपणाचे, चराईचे, पाण्याचे हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदलेले असतात. महसूल संहितेने दोन्ही दस्तऐवजांना स्थान दिले आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करताना निस्तार पत्रक पुराव्यादाखल जोडता येते. त्या कागदात जागा ओळखायची ती क्रमांकावरून. जुना क्रमांक आजच्या नोंदीत नेमका कोणता, हे दाखवता आले तर दावा जमिनीवर टेकतो. नाही तर तो हवेत राहतो. क्रमांकाचा रकाना ‘अनावश्यक’ म्हणून गाळणाऱ्याने हे एकदा डोळ्यांसमोर आणावे.

२१/
स्थान आणि ओळख यांतला भेद रोजच्या व्यवहारात पाहायचा असेल तर मतदार यादी उघडा. तिच्यात भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असतो; शिवाय प्रत्येक मतदाराच्या ओळखपत्राचा क्रमांक असतो. यादीची नवी आवृत्ती निघाली, नावे वाढली किंवा वगळली गेली, की अनुक्रमांक बदलू शकतो. ओळखपत्राचा क्रमांक मात्र माणसाबरोबर राहतो. मतदान केंद्रावर दोन्ही लागतात : अनुक्रमांकाने ओळ चटकन सापडते, ओळखपत्राने माणूस पटतो. एकाचे काम दुसऱ्यावर लादले की गोंधळ होतो. जमिनीच्या बाबतीतही हे उमगले असावे. नव्या सातबाऱ्यावर गट क्रमांकाबरोबर यूएलपिन हा स्वतंत्र ओळख क्रमांक छापला जातो.

२२/
नावावर विसंबून राहावे, असेही म्हणता येत नाही. मोहाडी नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. एक आमची, भंडारा जिल्ह्यातली. एक नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात. पश्चिम महाराष्ट्रात बुद्रुक आणि खुर्द, आमच्याकडे बुजुर्ग आणि खुर्द, असे भेद पूर्वजांनी केले ते याच अडचणीपोटी. नाव एकटे अपुरे, क्रमांक एकटा अपुरा. दोन्ही मिळून जोडी केली तर चूक सापडते, कारण दोहोंपैकी एक बिघडले तर दुसरे त्याला साक्ष देत नाही. खळ्यावरच्या माणसाचे आणि एन्युमरेटचे शहाणपण हेच आहे.

२३/
आमच्या विषयात हे शहाणपण ‘लेखांक’ या शब्दाने आले. वि. का. राजवाडे यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अशा खंडांत प्रत्येक पत्राला क्रमांक असतो, त्यामुळे संदर्भ देताना खंड आणि लेखांक एवढे पुरते. पुढे ‘शिवकालीन पत्रसार संग्रहा’त पत्रांचे सारांश कालानुक्रमे लावून त्यांना क्रमांक दिले गेले. संशोधक आजही ‘पसासं’ आणि पुढे आकडा, असा निर्देश करतात. एखाद्या पत्राची तारीख नव्या अभ्यासाने बदलली तरी त्याचा छापील क्रमांक कोणी बदलत नाही. तो आता कालक्रम सांगत नसेल, पण त्या पत्रापर्यंत नेणारी वाट तोच आहे.

२४/
आता थेट आजच्या कामाकडे. अनेक तरुण मित्र जुन्या याद्या, गावांच्या, किल्ल्यांच्या, इनामांच्या, स्वतः संगणकावर उतरवून सर्वांसाठी खुल्या करत आहेत. हे काम मोलाचे आहे. त्यात एक सापळा वारंवार दिसतो : आधी गाळणी, मग क्रमांक. वरच्या सहा गावांतून समजा फक्त जांब आणि मोहाडी हवी आहेत. आधी ती दोन निवडून मग एन्युमरेट लावले तर जांब १, मोहाडी २. मूळ पानावर ती ४ आणि ५ आहेत. आधी एन्युमरेट लावून मग निवडले तर ४ आणि ५ हेच आकडे सोबत येतात. दोन पायऱ्यांची अदलाबदल, आणि वाचक मूळ पानावर पोहोचतो की भरकटतो हे त्यावर ठरते.

२५/
येथे प्रोग्रामर मित्रांचा एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक लूपमध्ये स्थान लागतेच असे नाही. बेरीज करायची असेल, सर्वांत मोठा आकडा शोधायचा असेल, तर इंडेक्स बाळगणे म्हणजे विनाकारण ओझे. हे मान्य आहे. कोड लिहिताना जे लागत नाही ते घेऊ नये. पण कोडचा लूप संपला की संपतो. यादी मात्र मागे राहते, आणि तिला उद्या कोण कोणता प्रश्न विचारील हे आज सांगता येत नाही. महजर लिहिणाऱ्याने तरी कुठे विचार केला होता, की त्याच्या नावांच्या क्रमातून कोणी गावाची उतरंड वाचील? हिशेबापुरती बेफिकिरी चालेल, नोंदीत चालणार नाही.

२६/
म्हणून जुनी यादी उतरवणाऱ्या प्रत्येकाला चार गोष्टी सुचवतो.
• मूळ कागदावरचा क्रमांक जसाच्या तसा वेगळ्या रकान्यात ठेवा. तो चुकलेला, दोनदा आलेला किंवा मध्येच सुटलेला असला तरी सुधारू नका.
• मूळ क्रमांक नसेल तर पानावरच्या क्रमाने स्वतःचा द्या, आणि तो तुमचा आहे हे लिहा.
• क्रमांक आधी, गाळणी आणि वर्णानुक्रम नंतर. मोजणी शून्यापासून की एकापासून, हे वरच नोंदवा.
• नंतर सापडलेली नोंद १०/१ म्हणून बसवा. कोणाला पुढे सरकवू नका.

२७/
चुकलेला क्रमांक का जपायचा, असे कोणी विचारील. यादीत २३नंतर एकदम २५ येतो, तेव्हा २४ कोठे गेला हा प्रश्न उभा राहतो. लेखकाची नजर चुकली, की एक पान हरवले, की एक नाव मुद्दाम वगळले? आपण नव्याने १ ते शेवटपर्यंत सलग आकडे दिले की ती फट बुजते आणि प्रश्नही मरतो. तुटलेल्या मूर्तीचा हात सिमेंटने जोडून ‘आता पूर्ण झाली’ म्हणणे आपल्याला रुचत नाही. मग तुटलेली यादी सलग करण्याला तरी आपण ‘स्वच्छता’ का म्हणतो?

२८/
पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक जाहीर झालेला आहे आणि ती डिजिटल साधनांनी व्हायची आहे. १८८१चा प्रगणक जे हाताने करत होता, त्यातील बरेचसे आता यंत्र करील. यंत्र मोजणीत चुकणार नाही. कोठून मोजायचे, काय गाळायचे आणि कोणता जुना क्रमांक सोबत न्यायचा, हे मात्र माणूसच सांगेल. ते सांगणारी माणसे आपल्याच पिढीतली असणार आहेत. इतिहासाची गोडी आणि थोडे प्रोग्रामिंग, दोन्ही असलेल्यांनी या कामाकडे वळावे, असे मनापासून वाटते.

२९/
शेवटी एक विनंती. आपल्या घरात जुना फेरफार, खसऱ्याची नक्कल किंवा वाटणीपत्र असेल, तर त्याचा फोटो काढताना समास कापू नका. बहुधा तेथेच, कोपऱ्यात, बारीक अक्षरात एक आकडा असतो. मजकूर आपण वाचतोच. तो आकडाही वाचा, आणि तो कोणत्या यादीतला आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आपापल्या गावच्या मोजणीत जुन्या-नव्या क्रमांकांची जुळवणी कशी लागते, याची उदाहरणे या धाग्याखाली लिहिलीत तर सर्वांनाच उपयोग होईल. लिहिताना धाग्यातील भागाचा क्रमांक अवश्य द्या.

धागा समाप्त.